विश्लेषण : बीव्हर परतले; ब्रिटनमधील चतुरांना फायदा होणार का?

सुमारे ४०० वर्षांपूर्वी शिकारीमुळे ब्रिटनमधून नामशेष झालेला बीव्हर आता तिथल्या नद्यांमध्ये परतला आहे. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये रीतसर परवान्याने बीव्हर मोकळ्या निसर्गात सोडण्यात आले. पूर आणि शेतीवर वाद सुरू असतानाच चतुरांचीही चर्चा होते आहे.

बीव्हर परतले कसे?

२००९ मध्ये स्कॉटलंडमधील नॅपडेल येथे नॉर्वेतून आणलेले बीव्हर प्रायोगिक तत्त्वावर सोडले गेले. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या ऑटर नदीवर २०१५ ते २०२० अशी चाचणी झाली. स्कॉटलंडने २०१९ मध्ये, तर इंग्लंडने २०२२ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण दिले.

चतुरांशी संबंध काय?

चतुर आपल्याला हवेत दिसतो. पण त्याच्या आयुष्याचा बहुतांश काळ पिल्लाच्या रूपात पाण्याखाली जातो. बीव्हर झाडे पाडतो, फांद्या आणि चिखलाचे बांध घालतो. ओढ्याचे पाणी अडून उथळ तळी तयार होतात, झाडे कमी झाल्याने ऊन पाण्यापर्यंत पोहोचते आणि पाणवनस्पती वाढतात. चतुराच्या मादीला अंडी घालायला जागा मिळते, पिल्लांना आडोसा आणि डासांच्या अळ्यांसारखे भक्ष्य मिळते.

सगळ्याच जातींना फायदा होतो?

नाही. काही चतुर आणि टाचण्यांना वाहते पाणीच लागते. बांधामागे पाणी संथ होऊन गाळ साचला, तर तेवढ्या पट्ट्यात त्यांची अडचण होते. मात्र बीव्हर जागा बदलतात, जुने बांध फुटतात. त्यामुळे एकाच ओढ्यावर तळे, दलदल आणि वाहता प्रवाह असे सगळे मिळू शकते.

मग चतुर वाढले, तर श्रेय बीव्हरचेच?

इथे सावध राहायला हवे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील चतुरांवरील २०२१ च्या अहवालानुसार, १९७० पासून ४० टक्क्यांहून अधिक जातींचा आढळ वाढला आहे. वाढते तापमान हे त्याचे एक प्रमुख कारण. शिवाय बीव्हर अजून मोजक्याच नद्यांवर आहेत. त्यामुळे देशभरातल्या वाढीवरून बीव्हरचे यश ठरत नाही. बांध होण्याआधी आणि नंतर त्याच ओढ्यावर कोणत्या जाती दिसतात, हे पाहावे लागते.

पुढे काय?

खरा प्रश्न जागेचा आहे. बांधामुळे शेतात पाणी शिरते, म्हणून स्कॉटलंडच्या टे नदीच्या खोऱ्यात परवाने देऊन बीव्हर मारलेही गेले. नदीकाठची पट्टी मोकळी सोडायची तर शेतकऱ्याला भरपाई लागेल. ती मिळाली नाही, तर बांध काढले जातील आणि त्यामागची तळीही जातील.