फायलीत पडून राहिलेला पुरावा

१९८५ साली दूरदर्शनवरच्या ‘करमचंद’मध्ये गाजर चघळणारा पंकज कपूर भाग संपेपर्यंत खरा खुनी हुडकून काढायचा, नाहक गोवलेला बिचारा सुटायचा. पडद्यावर हे शोभतं. प्रत्यक्षात मात्र हुशार गुप्तहेरापेक्षा कागद शेवटपर्यंत वाचणारा वकील लागतो. २००३ मधल्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांवर नाशिकच्या न्यायालयात खटला चालला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाखांची भरपाई दिली. बचावलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळेच चौघे ओळखले होते. ती नोंद पहिल्यापासून होती. त्या चौघांचा तपासच झाला नाही.

आरोपीला चांगला वकील आणि तपासाचे सगळे कागद देण्याची सवलत दिली तर गुन्हेगार मोकाट सुटतील, असा आक्षेप हमखास येतो. इथे तर उलटंच घडलं: सहा जण सोळा वर्षं गजाआड होते आणि संशयाची खरी दिशा तशीच सोडून दिली गेली. न्यायालय तरी आता जवळ आलं आहे: ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. पन्हाळ्याच्या माणसाला अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूर वीसेक किलोमीटरवर आहे. पण फुकट मिळणाऱ्या वकिलाला पुरेसं मानधन आणि तपासाचे सगळे कागद वेळेवर मिळत नसतील, तर वाचलं ते फक्त एसटीचं भाडं.