राणीच्या बागेचे दार आणि साक्षरतेचा वर्ग

प्रौढ साक्षरतेच्या वर्गातील स्त्रीपुरुषांना बाग दाखवावी, वस्तुसंग्रहालयात न्यावे, वर्षातून एकदोनदा चांगल्या नाटकाला बसवावे, अशी सूचना शाखेच्या बैठकीत कोणी केली की पुष्कळदा ती हसण्यावारी नेली जाते. ‘आधी भाकरीचे बोला, मग बागेचे’ असे एखादा ज्येष्ठ साथी ऐकवतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. या उत्तरात तळमळ आहे, हे आम्ही जाणतो. परंतु भाकरी आणि बाग यांत निवड कष्टकऱ्यानेच करावयाची, मालकवर्गाला मात्र दोन्ही आपोआप मिळावयाचे, ही वाटणी समाजवाद्यांनी मान्य का करावी?

साक्षरतेच्या मोहिमांचा आपला इतिहास या प्रश्नाशी निगडित आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांना केवळ सही शिकवावयाची नव्हती. माणूस जागा करावयाचा होता. पुढे १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व ती राज्यभर पसरली. गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले. पण शिकलेल्या अक्षरांना रोजच्या जीवनात काम न उरल्याने अनेकांची अक्षरे पुसली गेली. जनता राजवटीत २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्या वेळी साक्षरतेच्या जोडीला व्यवहारोपयोग आणि जाणीवजागृती यांना बरोबरीचे स्थान दिले गेले. ती दृष्टी योग्य होती. तिला पुरेसा काळ मात्र मिळाला नाही.

आज २०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, चालू आहे. पाच वर्षांत पाच कोटी प्रौढांना शिकविण्याचे उद्दिष्ट आणि सुमारे १,०३८ कोटी रुपयांची तरतूद असा त्याचा आराखडा. हिशेब मांडला तर माणशी दोनशे रुपयांच्या आसपास रक्कम पडते. त्यात वाचन, लेखन व अंकज्ञान यांची दीडशे गुणांची चाचणी कशीबशी उरकते. वस्तुतः २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रौढांच्या निरंतर शिक्षणामध्ये कला, विज्ञान, संस्कृती, क्रीडा व मनोरंजन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आम्ही मागतो ते सरकारने कागदावर आधीच मान्य केलेले आहे. कागदावरचे वर्गात उतरविणे, एवढीच मागणी आहे.

मुंबईचेच उदाहरण घ्या. भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. तिच्याच आवारात १८७२ पासून वस्तुसंग्रहालय आहे. १९७५ साली त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. भोवताली गिरणगाव. पिढ्यान्‌पिढ्या कामगारांची मुले येथे हत्ती पाहावयास आली. परंतु चाळीत वा झोपडीत उभा जन्म काढून संग्रहालयाची पायरी न चढलेल्या स्त्रिया कमी नसतील. दाराशी कोणी अडवीत नाही, हे खरे. पण ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असे दाराशी लिहावे लागत नाही, ते मनात लिहिलेले असते. त्यातच २०१७ मध्ये बागेचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले, आणि मनातल्या पाटीला पालिकेच्या ठरावाचा आधार मिळाला.

अशा ठिकाणी वर्ग नेल्याने काय साधते? वर्गात शिक्षक जाणता व शिकणारा अजाण, अशी मांडणी आपण कितीही टाळली तरी होतेच. बागेत ती उलटते. कोकणातून वा मराठवाड्यातून पोटासाठी आलेल्या बाईला करंज, बकुळ, पळस यांची ओळख शहरी शिक्षिकेपेक्षा अधिक असते. कोणत्या झाडाची साल कशावर चालते, कोणते लाकूड चुलीत धूर करते, हे ती सांगते आणि शिक्षिका ऐकते. मग तेच नाव पाटीवर वाचताना अक्षर परके राहात नाही. संग्रहालयात कारागिरांच्या व निरनिराळ्या व्यवसायांच्या मातीच्या लहान मूर्ती आहेत. ज्याच्या बापाने माग चालविला, त्याला त्या काचेआड आपले घराणे दिसते. आपले काम इतिहासात जमा होण्याच्या योग्यतेचे होते, हे प्रथमच जाणवते. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंजिकोस गावी सुमारे तीनशे मजुरांना शिकविताना याच मार्गाचा अवलंब केला. आधी रोजच्या जीवनाची चित्रे, त्यांवर चर्चा, आणि त्यातून अक्षर.

‘सहलीने उपकाराची भावना वाढेल’ हा आक्षेप मात्र आम्ही गंभीर मानतो. बसमध्ये भरून न्यावयाचे, रांगेत फिरवावयाचे, छायाचित्र काढून परत आणावयाचे, अशी सहल न काढलेलीच बरी. कोठे जावयाचे हे वर्गाने ठरवावे; परतल्यावर पाहिलेल्यावर बोलावे, चार ओळी लिहाव्यात. आणि पाहणे एवढ्यावर थांबू नये. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांचा वारसा आपल्याकडे आहे. ज्यांना शाळा जेमतेम दिसली, त्या अण्णा भाऊ साठे यांनी मराठी साहित्याला काय दिले, हे सांगण्याची गरज नाही. वर्गातील ओव्या, भारुडे, लावण्या यांना व्यासपीठ मिळाले पाहिजे.

खरा अडसर वेळेचा आहे. घरकामगारांसाठी २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण भरपगारी साप्ताहिक सुटी अजून बहुतेकींच्या पदरी नाही. जिला रविवार नाही तिला बाग कोठून? येथे भाकरीचा लढा आणि बागेचा लढा एकच होतो, हे आमच्या ज्येष्ठ साथींनी ध्यानी घ्यावे. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार चळवळ लढली, ती उरलेल्या वेळेवर माणसाचा हक्क प्रस्थापित करण्यासाठीच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. साक्षरता वर्गांना पालिकेच्या बागा व संग्रहालये विनाशुल्क खुली करावीत. झाडांवरील व वस्तूंवरील पाट्या मोठ्या, सोप्या मराठी अक्षरांत असाव्यात. नाट्यगृहांत अशा वर्गांसाठी काही जागा राखाव्यात. आणि ‘उल्लास’च्या खर्चात या कार्यक्रमासाठी स्वतंत्र रक्कम दाखवावी. नगरसेवकांकडे निवेदने जातीलच. परंतु तोवर थांबण्याचे कारण नाही. ज्या शाखेचा वर्ग चालू आहे तिने येत्या महिन्यात जवळच्या एका बागेत वर्ग भरवावा. सावलीसाठी एक झाड आणि शिकविण्याऐवजी ऐकून घेण्याची तयारी असलेला एक कार्यकर्ता, एवढ्यावर आरंभ करता येतो. पहिल्याला तोटा नाही. दुसरा आपल्यातूनच पुढे यावयाचा आहे.