अंगठ्याची किंमत

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी एकाच दिवशी कंपाउंड प्रकारातील वैयक्तिक सुवर्णपदके पटकावली. वरिष्ठ गटातील वैयक्तिक जगज्जेतेपद त्यापूर्वी भारताच्या वाट्यास कधीच आले नव्हते; आले तेव्हा ती दोन्ही पदे महाराष्ट्राच्या मुलांनी आणली. अदिती तेव्हा अवघ्या सतरा वर्षांची होती. तिच्याही आधी फलटण तालुक्यातील सरडे या गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकच्या मैदानावर उभा राहिला होता. या यशाचा परिणाम व्हावयाचा तो झाला. ज्या घरांत क्रिकेटच्या बॅटीखेरीज दुसरे साधन कधी आले नसेल अशा घरांतील मुलेही आता धनुष्य मागू लागली आहेत. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक स्पर्धेस स्थान मिळाल्यामुळे हा ओघ वाढेल यात संशय नाही. या ओघाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. आणि स्वागत करतो म्हणूनच एका गोष्टीकडे पालकांचे, शिक्षकांचे व सरकारचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. ती गोष्ट म्हणजे तडा गेलेला बाण.

दैनिकाच्या पहिल्या पानावर तुटक्या बाणाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. या खेळातील ज्या इजा मोठ्या असतात त्यांची बातमी होते, आणि बातमी झाली की थोडीफार हालचालही होते. ज्या इजा एका मुलाच्या एका हातापुरत्या असतात त्यांची बातमी होत नाही. त्या रुग्णालयाच्या केसपेपरवर राहतात आणि तेथेच संपतात. अशाच इजा टाळणे सर्वांत सोपे असते, आणि म्हणूनच त्या होऊ देणे सर्वांत अक्षम्य असते.

मोठ्या इजांची दोन उदाहरणे वाचकांस आठवत असतील. २०१७ मध्ये पश्चिम बंगालमधील बोलपूर येथे सराव चालू असताना सहकाऱ्याचा बाण एका किशोरवयीन मुलीच्या मानेत शिरला. जानेवारी २०२० मध्ये आसामात दिब्रुगडजवळच्या छबुआ येथे बारा वर्षांच्या एका मुलीस सरावाच्या वेळी असाच बाण लागला. तिला विमानाने दिल्लीस नेऊन अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शस्त्रक्रियेने तो काढावा लागला. सुदैवाने दोघीही वाचल्या. या घटनांनी देशाला मैदानावरील शिस्तीचा धडा दिला. तो धडा वस्तुतः नवा नव्हता. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यावे, एक शिट्टी झाली की बाण सोडावेत, तीन शिट्ट्या झाल्यावाचून बाण काढण्यास कोणी पुढे जाऊ नये, आणि लागोपाठ किमान पाच शिट्ट्या ऐकू येताच जेथे असू तेथे धनुष्य खाली घ्यावे, हे नियम आंतरराष्ट्रीय संघटनेने केव्हाच घालून दिलेले आहेत. पुढे कोणी असताना दोरी ओढू नये, हे तर लहान मुलासही समजते.

तथापि हे सर्व नियम सुटलेल्या बाणापासून इतरांचे रक्षण करणारे आहेत. ज्याच्या हातून बाण सुटावयाचा त्याचे रक्षण कोणी करावयाचे? पुढे एकही माणूस नाही, शिट्टी वेळेवर झाली आहे, मुलगा रेषेवर नीट उभा आहे, आणि तरीही त्याच्या हाताच्या चिंधड्या होऊ शकतात. हे कसे घडते ते नीट समजून घेतल्यावाचून त्यावरील उपायही समजणार नाही.

पूर्वीचे बाण वेताचे, बांबूचे किंवा लाकडाचे असत. पुढे अॅल्युमिनियमचे आले. लाकूड चिरले तर त्याची रेघ दिसते. अॅल्युमिनियम वाकले वा चेपले तर तेही बहुधा डोळ्यांस दिसते. आजचे बहुतेक बाण कार्बनच्या तंतूंचे असतात. ते हलके, ताठ आणि वेगवान असतात; परंतु त्यांचा एक मोठा दुर्गुण आहे. त्यांना झालेली दुखापत ते लपवतात. एक बाण दुसऱ्यावर आपटला, लक्ष्याच्या लाकडी चौकटीवर आदळला, नेम चुकून दगडावर गेला, किंवा लक्ष्यातून काढताना वाकडा ओढला गेला, तर आतील तंतूंचे थर सुटतात आणि वरून मात्र बाण कोरा करकरीत दिसतो. गंमत अशी की खेळाडू जितका कुशल, तितके त्याचे बाण एकमेकांच्या जवळ बसतात आणि तितके ते एकमेकांस अधिक घासतात. अचूक नेमाबद्दल शाबासकी मिळते त्याच दिवशी बाणास तडा जाण्याचा संभव सर्वाधिक असतो.

आता हाच बाण पुन्हा दोरीवर चढतो. दोरी सुटताक्षणी बाणावर मागून प्रचंड धक्का बसतो. पुढचे जड टोक जागचे हलण्यास नाखूष असते आणि मागून दोरी ढकलत असते. त्यामुळे धडधाकट बाणसुद्धा त्या क्षणी धनुकलीसारखा वाकतो. चांगल्या कंपाउंड धनुष्यातून सुटणारा बाण ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो, यावरून त्या धक्क्याची कल्पना यावी. तडा गेलेला बाण तेथेच मोडतो. पुढचा तुकडा भलतीकडे जातो. मागच्या तुकड्यास दोरी पुढे रेटीतच असते, आणि त्याचे भाल्यासारखे फुटलेले टोक धनुष्य धरणाऱ्या हातात, बहुधा अंगठ्याच्या मुळाशी वा मनगटाजवळ, घुसते. बाणाच्या मागील टोकास दोरीवर बसणारी जी प्लॅस्टिकची खाच असते, जिला खेळाडू नॉक म्हणतात, तिला तडा असेल तर प्रकार निराळा होतो. ती दोरीवरून निसटते, बाणात जावयाची सारी शक्ती धनुष्यातच कोंडते आणि धनुष्याच्या पात्या फुटून तोंडाजवळ उडू शकतात.

जखमेचे स्वरूपही ध्यानात घ्यावयास हवे. कार्बनचे तंतू केसासारखे बारीक व ठिसूळ असतात. ते मांसात मोडून पसरतात आणि साध्या क्ष-किरण चित्रात नीट दिसत नाहीत. शल्यचिकित्सकास हात उघडून एकेक कुसळ शोधावे लागते. एखादे राहून गेल्यास जखम चिघळते. अंगठ्याच्या मुळाशी पकडीचे स्नायू व शिरा असतात. तेथील इजा बरी झाली तरी पकड पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून असा तुकडा हातात घुसला तर तो मैदानावर उपटून काढण्याचा मोह कोणीही करू नये. तो हलणार नाही अशा रीतीने भोवती कापडाची घडी ठेवून, रक्त थांबवून, आहे तसा रुग्णालयात न्यावा, आणि आत कार्बन आहे हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.

हे वाचून कोणी आपल्या मुलाचे धनुष्य काढून घेईल तर ती आमच्या लेखनाची विटंबना ठरेल. नियम पाळले तर तिरंदाजी हा अत्यंत निर्धोक खेळ आहे. आणि या विशिष्ट संकटावरचा उपाय तर इतका साधा आहे की त्यास एक पैसाही लागत नाही. बाण उजेडात धरून बोटांमध्ये फिरवीत पहावा. दोन्ही टोकांस धरून, तोंडापासून दूर ठेवून, हलकेच वाकवावा. थोडा फिरवून पुन्हा वाकवावा. असे चारही बाजूंनी करावे. मग दोन्ही दिशांनी किंचित पिळावा. बारीकसा करकर आवाज आला, हाताला मऊपणा जाणवला, तर तो बाण संपला असे समजावे. दांडीवरून कापसाचा बोळा फिरवला असता तो कोठे अडकला तर तेथे कुसळ उभे आहे. शेवटी नॉक व टोक पहावे. एका बाणास अर्धा मिनिट पुरतो. बाण बनविणारे स्वतःच ही परीक्षा करण्यास सांगतात. सरावापूर्वी, आणि बाण कोठेही आपटल्यावर पुन्हा, एवढे केले की काम झाले. नापास झालेला बाण डिंकाने वा चिकटपट्टीने जोडू नये. तो मोडून टाकावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या भात्यात तो शिरणार नाही.

उपाय इतका सोपा असता तो केला का जात नाही? आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे. याचे उत्तर मुलांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. वरच्या दर्जाचे बाण परदेशाहून येतात आणि अशा डझनभर बाणांची किंमत आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक असते. या खेळात पुढे येणारी कितीतरी मुले शेतकऱ्यांची, मजुरांची, आदिवासी पाड्यांवरची आहेत. त्यांतील पुष्कळांनी बांबूच्या धनुष्यावर आरंभ केलेला असतो आणि पहिले कार्बनचे बाण कोणाचे तरी वापरलेले असतात. ज्याच्याजवळ मोजून सहा बाण आहेत, त्याने त्यांतील दोन मोडके आहेत असे कबूल केले तर उद्या त्याने काय सोडावयाचे? परीक्षा केली तर बाण जातो, न केली तर कदाचित काहीच होत नाही. अशा वेळी मुलगा बाणाकडे पाहीनासा होतो. वापरलेला बाण त्याच्या हाती देणारा प्रशिक्षकही कधीकधी पाहीनासा होतो. गरिबी माणसास डोळे मिटावयास लावते, आणि मग त्या मिटलेल्या डोळ्यांस आपण निष्काळजीपणा असे नाव देतो.

द्रोणाचार्यांनी शिष्यांस काय दिसते असे विचारले आणि अर्जुनाने पक्ष्याचा डोळा तेवढा दिसतो असे उत्तर दिले, ही कथा आपल्या प्रत्येक क्रीडासंमेलनात सांगितली जाते. त्याच गुरूंच्या नावाने एकलव्याची कथाही सांगितली जाते, पण तिचा अर्थ आपण सोयीने विसरतो. साधनहीन शिष्याच्या विद्येची किंमत त्याच्या अंगठ्याने चुकवली गेली, हा त्या कथेचा सल आहे. आज कोणी गुरू अंगठा मागत नाही. परंतु नव्या बाणाचे पैसे नाहीत म्हणून एखाद्या मुलाने तडा गेलेला बाण दोरीवर चढवला आणि त्यात त्याचा हात गेला, तर आपणही गुरुदक्षिणा तीच घेतली, असेच म्हणावे लागेल.

म्हणून आमच्या मागण्या या आर्थिक जबाबदारीपासून आरंभ होतात. शासनाचे अनुदान वा मान्यता घेणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षण केंद्राने बाणांच्या बदलीसाठी स्वतंत्र रक्कम राखून ठेवावी. जो मुलगा आपला बाण सदोष आहे असे स्वतः सांगेल त्यास त्याच दिवशी केंद्राकडून दुसरा बाण मिळावा, आणि त्याची सरावाची पाळी कोणत्याही सबबीवर बुडू नये. खरे बोलणाऱ्याचे नुकसान होणार नाही अशी व्यवस्था केल्यावाचून खरे बोलण्याचा उपदेश व्यर्थ आहे. दुसरे असे की, मोठ्या स्पर्धांत पंच साहित्याची तपासणी करतात. पण बाण स्पर्धेपेक्षा कितीतरी अधिक वेळा सरावात सुटतात, आणि तेथे तपासणारा कोणी नसतो. राज्याच्या धनुर्विद्या संघटनेने व क्रीडा संचालनालयाने सरावापूर्वीची ही तपासणी प्रत्येक केंद्रास बंधनकारक करावी, तिची साधी नोंदवही ठेवावयास लावावी, आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी ती वरचेवर पहावी. तिसरे, लहान इजांचीही नोंद व्हावी. ज्याची मोजदाद नाही त्याची तरतूदही होत नाही.

या मागण्यांवर दोन आक्षेप येतील. एक, नोंदवह्या पुष्कळ झाल्या, आणखी एक कशास? आक्षेप अगदीच निराधार नाही. कागदी तपासणीचे काय होते हे आपण सर्व जाणतो. म्हणूनच आम्ही नोंदवहीआधी बदलीच्या बाणाची तरतूद मागितली आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यावर एवढेच म्हणावयाचे की, शस्त्रक्रियेच्या एका बिलात किती बाण येतील याचा हिशेब ज्यांस करावयाचा असेल त्यांनी तो जरूर करावा. बैल गेला नि झोपा केला ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. तिचे नवे उदाहरण निर्माण करण्याची गरज नाही.

शहरांतील पालकांसही आमचे सांगणे आहे. सुटीतील शिबिरांत आणि खाजगी वर्गांत आपण हजारो रुपये शुल्क भरतो. तेथे पदकांची छायाचित्रे पाहून परत येऊ नका. बाण रोज कोण तपासतो, बाद झालेले बाण कोठे टाकता, माझ्या मुलास ही परीक्षा शिकविली काय, असे तीन प्रश्न विचारा. उत्तर देणारा गोंधळला तर तुम्हांस हवे ते उत्तर मिळाले. आणि घरी आल्यावर मुलाने बाण मोडल्याचे सांगितले तर प्रथम त्याला शाबासकी द्या; किंमतीची चर्चा मागाहून होऊ शकेल.

महाराष्ट्राने जगास दोन जगज्जेते दिले याचा अभिमान आम्हांसही आहे. पुढचा जगज्जेता आज कदाचित एखाद्या तालुक्याच्या मैदानावर उसन्या बाणांनी सराव करीत असेल. त्याला नेम शिकविणारे पुष्कळ भेटतील. त्याच्या हातातील बाण धड आहे की नाही हे पाहण्याची, आणि धड नसेल तर दुसरा देण्याची जबाबदारी सरकारने, संघटनेने आणि आपण सर्वांनी आजच घ्यावयास हवी.