चढावरचा खालचा गियर

ज्या गोष्टीला आपण आयुष्यभर सद्गुण समजून कुरवाळीत आलो, तिच्यात निम्मा भित्रेपणाच होता, असे एखाद्या दिवशी भर रस्त्यात ध्यानात यावे, यासारखी फजिती दुसरी नाही. आमची ती फजिती २०१९ सालच्या जानेवारीत भेरूघाटात झाली.

मोटार आमच्या पुतण्याची. २००२ सालची, दीड लिटर इंजिनाची होंडा सिटी. नोकरीनिमित्त परदेशी जाताना त्याने किल्ल्या आमच्या स्वाधीन केल्या आणि बजावले, "काका, हिला नुसती दारात उभी ठेवू नका." आम्ही आज्ञा पाळली. दर रविवारी गाडी धुऊनपुसून बाहेर काढावी, इंदूर शहरात एक फेरी मारावी आणि परत आणून झाकून ठेवावी. फेऱ्यांचा काटा अडीच हजारांच्या वर आम्ही कधी जाऊ दिला नाही, आणि या गोष्टीचा आम्हांस अभिमान होता. गाडीच्या पाठीवर 'व्हीटेक' अशी अक्षरे होती. ती आम्ही फडक्याने मोठ्या निगुतीने पुसत असू. परंतु त्यांचा अर्थ विचारण्याची बुद्धी काही आम्हांस झाली नाही.

आमचा हात बसला होता तो वडील बंधूंच्या अँबॅसडरवर. बंधूंची शिकवण अशी, की गियर लवकर वर घ्यावा, इंजिनाला ओरडू देऊ नये, पेट्रोल जपावे. अँबॅसडरही बिचारी सोशीक. टॉप गियरमध्ये बैलगाडीच्या मागे रखडत ठेवा, पुन्हा ॲक्सिलरेटर दाबा. कुरकुरत का होईना, ती ओढून नेई. तीच शिकवण आम्ही या जपानी गाडीवर चालविली.

त्या जानेवारीत पुतण्या सुट्टीवर आला आणि आम्ही तिघे, म्हणजे तो, आम्ही आणि सौभाग्यवती, ओंकारेश्वराच्या दर्शनाला गेलो. जाताना उतार, माळव्याच्या पठारावरून रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. परतताना मात्र सगळा चढ. रस्ता तेव्हा दुपदरी होता. भेरूघाटात कापसाने भरलेली एक ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे रांगत होती. समोर सरळ रस्ता दिसला, मोकळा वाटला. आम्ही भोंगा वाजवून उजवीकडे निघालो. गाडी चौथ्या गियरमध्ये, वेग ताशी पस्तीस किलोमीटर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि काहीच घडले नाही! गाडी नुसती घुमली. ट्रॉलीच्या बरोबरीने आम्ही चाललो आहोत आणि वरच्या वळणातून एक मालमोटार खाली येत आहे, असा तो देखावा होता. ब्रेक लावून कसेबसे मागे हटलो आणि ट्रॉलीच्या मागे दडलो. मालमोटार भोंग्याचा कर्कश निषेध नोंदवीत निघून गेली. मागच्या आसनावरून सौभाग्यवतींनी शब्दही काढला नाही. त्या मौनाचा अर्थ विवाहित वाचकांस सांगावयास नको.

वाटेत चहासाठी थांबलो. हात अजून थरथरत होते. आम्ही म्हणालो, "गाडी म्हातारी झाली रे. तिच्यात दम उरला नाही."

पुतण्या हसला नाही, हे त्याचे सौजन्य. तो म्हणाला, "काका, दम आहे. पण तुम्ही तो मागितलाच नाही. १०६ अश्वशक्तीचं इंजिन आहे हे. मघाशी फेरे दीड हजारसुद्धा नव्हते. तिथे त्यातला पाव हिस्साही हाती लागत नाही."

मग चहा होईपर्यंत त्याने आम्हांस जो पाठ दिला, तो असा. बाबांच्या जुन्या अँबॅसडरचे इंजिन १४८९ घन सेंटिमीटरचे, या गाडीचे १४९३. घागर जवळजवळ तेवढीच. परंतु त्या इंजिनाची शक्ती पन्नास अश्वांच्या आसपास आणि हिची त्याच्या दुप्पट. ही दुप्पट आली कोठून? तर घागर मोठी करून नव्हे, तीच घागर दर मिनिटाला अधिक वेळा भरून आणि रिकामी करून.

इंजिनाचे सारे बळ श्वासावर आहे. पिस्टन खाली जातो, झडप उघडते, हवा आणि पेट्रोल आत येते. झडप केव्हा उघडावी, किती उचलावी, किती वेळ उघडी राहावी हे कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचा आकार ठरवितो. गाडी उभी असून इंजिन मिनिटाला साडेसातशे फेऱ्यांनी धुगधुगत असते, तेव्हा पिस्टनच्या एका खेपेला सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो. सहा हजार फेऱ्यांवर मिळतो तो दोनशेवा भाग, आणि प्रत्येक झडपेला सेकंदात पन्नास वेळा उघडमीट करावी लागते. एवढ्या अवधीत ऊर भरून घ्यावयाचा तर झडप अधिक उंच उचलली पाहिजे, अधिक काळ उघडी राहिली पाहिजे. परंतु तशीच झडप मंद चालीत ठेवली, तर आत आलेली हवा उलट बाहेर ढकलली जाते आणि इंजिन आचके देते. विलंबित ख्यालाचा श्वास आणि द्रुत तानेचा श्वास एक नव्हे, हे उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात कोणास समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु साध्या इंजिनाला एकच उंचवटा, म्हणून आयुष्यभर एकच श्वास. कारखानदार काहीतरी मधला मार्ग पतकरीत आणि दोन्हीकडे थोडे थोडे गमावीत.

होंडाचे अभियंते इकुओ काजितानी आणि त्यांचे सहकारी यांनी ही कोंडी फोडली. दर लिटरला शंभर अश्वशक्ती, असे लक्ष्य त्यांच्यापुढे होते. १९८९ साली जपानात इंटिग्रा गाडीत त्यांचे इंजिन आले. १५९५ घन सेंटिमीटर आणि १६० अश्वशक्ती. युक्ती ऐकावयास सोपी. झडपांच्या प्रत्येक जोडीसाठी दोनऐवजी तीन उंचवटे. मंद चालीत बाजूचे दोन बुटके उंचवटे झडपा हलवितात, मधला उंच नुसता आपल्याशी फिरत राहतो. फेरे ठरावीक मर्यादेपुढे गेले, की इंजिनातल्याच तेलाच्या दाबाने एक बारीक खीळ सरकते, तिन्ही दांड्या एकमेकींत अडकतात आणि साऱ्या झडपा त्या मधल्या उंच उंचवट्याच्या हुकमतीखाली येतात. फेरे उतरले, की खीळ परत मागे. आमच्या सिटीत ही सोय हवा आत घेणाऱ्या झडपांपुरतीच आहे. तरी तत्त्व तेच. या घराण्याची परमावधी म्हणजे १९९९ सालची एस २००० ही दोन आसनांची गाडी. दोन लिटर इंजिन, २५० अश्वशक्ती आणि काट्यावरची लाल रेषा थेट नऊ हजार फेऱ्यांवर!

"म्हणजे इंजिनात दोन इंजिनं आहेत, काका," पुतण्या म्हणाला. "तुम्ही तीन वर्षं एकच चालवलंत."

पुढे पुन्हा घाट. पुन्हा चढ, आणि दैवाने पुन्हा एक ट्रॉली. आम्ही चाक पुतण्याच्या हाती देऊ लागलो, तर सौभाग्यवती प्रथमच बोलल्या, "नाही, तुम्हीच चालवा. नाहीतर पुन्हा कधी चालवायचे नाहीत." आम्ही अंतर राखून मागे राहिलो. वळण संपले, लांबवर रस्ता मोकळा दिसला. पुतण्या म्हणाला, "आता दुसरा." क्लच दाबून गियर खाली घेतला. काटा उसळला, इंजिनाने आवाज चढविला आणि आमचा पाय सवयीने वर येऊ लागला. "सोडू नका," तो म्हणाला. तीन हजार, चार हजार. पाच हजारांच्या आगेमागे आवाजाची जात पालटली. घोगरेपणा जाऊन स्वर स्वच्छ आणि टिपेचा लागला. गाडी कोणीतरी पाठीवर हात ठेवून ढकलावी तशी पुढे गेली. ट्रॉली मागे पडली. वेग सत्तरीच्या जवळ होता, त्याहून अधिक नाही. आम्ही डावीकडे येऊन तिसरा, मग चौथा गियर घेतला आणि पूर्ववत शांतपणे चालू लागलो.

त्या रात्री झोप उशिरा लागली. भेरूघाटात आम्ही जिवावर बेतविले ते वेगाने नव्हे, वेगाच्या भयाने. इंजिनाला ओरडू न देणे हा आम्ही संयम समजत होतो. परंतु संयमाला आपल्या बळाची मोजदाद ठाऊक असावी लागते. ज्याने बळ कधी पाहिलेच नाही, त्याने ते आवरले असे म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली. चढ चढावयाचा तर गियर खाली घ्यावा लागतो. शाळेत नववीचे बीजगणित न उमगणाऱ्या मुलाला आम्ही सहावीची उदाहरणे घालू लागलो, की पालक रागावतात. मुलाला खाली ओढले म्हणतात. आणि खरे सांगावयाचे तर त्यांच्या रागाला भिऊन आम्ही कित्येकदा त्या मुलांना वरच्याच गियरमध्ये घुमत ठेवले आहे. आता तसे करवत नाही.

ज्या वाचकांच्या दारी असे इंजिन असेल, त्यांच्यासाठी पुतण्याचे नियम येथे नोंदवितो. तेलाची पट्टी दर आठवड्यास काढून पाहावी, कारण ती खीळ तेलाच्याच दाबावर सरकते. तेल कमी वा गढूळ असेल तर दुसरे इंजिन जागे होत नाही. इंजिन पुरते तापल्याखेरीज फेरे चढवू नयेत. पुढे जावयाचे असेल तर गियर आधी खाली घ्यावा, मग उजवीकडे निघावे. आम्ही केले तसे उलटे करू नये. रस्ता पुरेसा दिसत नसेल तर १०६ काय, हजार अश्वशक्ती असली तरी ट्रॉलीच्या मागेच राहावे. आणि गावात, शाळेपाशी, बाजारात पहिल्याच इंजिनावर समाधान मानावे.

पुतण्या परत गेला. आम्ही अजून दर रविवारी गाडी काढतो. मात्र आता ती शहराबाहेर नेतो. एखाद्या मोकळ्या चढावर दुसऱ्या गियरमध्ये तिचा टिपेचा स्वर एकदा ऐकतो आणि सावकाश घरी येतो. सौभाग्यवती शेजारच्या आसनावर असतात. मागे बसणे त्यांनी सोडले आहे.