बन-मस्काचं बाळंतपण

सोमवार सकाळ. अकराला एका लेखाची डेडलाइन, साडेदहाला मी अजून दुसऱ्याच परिच्छेदात आणि रूममेट नाइट शिफ्टवरून येऊन झोपायच्या तयारीत. पिंजऱ्यातलं पाणी बदलायला म्हणून ती बाल्कनीकडे गेली आणि तिथूनच किंचाळली, "अगं, अंडं!" मला वाटलं फ्रिजमधलं फुटलं. म्हटलं, पुसून टाक. तर म्हणे, "आपलं नाही गं, मस्काचं!"

फेब्रुवारी 2024 ची गोष्ट. मस्का म्हणजे आमची कॉकाटील. पांढरट पिवळी, गालावर केशरी टिकल्या, डोक्यावर तुरा. तिचा जोडीदार बन, अंगानं करडा, तोंड पिवळं. (दुकानात यांना सर्रास 'कॉकटेल' म्हणतात. बजरीगरला 'लव्हबर्ड' म्हणणारी आपली जनता, काय बोलणार!) दोघं दीड-दोन वर्षं आमच्या कर्वेनगरच्या वन बीएचकेत सुखानं नांदत होते. बन सकाळी सहाला शिट्ट्या मारायचा, मस्का माझ्या कीबोर्डची बटणं उपटायची. नर-मादी आहेत हे आम्हाला माहीत होतं. पण 'पुढे' काही होईल हा विचारच केला नव्हता. एकोणतिसाव्या वर्षी माझ्या आईला माझ्याबद्दल जो विचार चोवीस तास येतो, तो मला पक्ष्यांबद्दल एकदाही आला नाही, बघा.

खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू लगेच वर आल्या. आधी शेरा, "भाडेकरू दोन म्हणाला होतात." मग प्रश्न, "त्यापेक्षा साधा मिठू का नाही पाळला? बोलतो तरी." काकूंना सांगितलं तेच तुम्हालाही सांगते, कारण हे अजूनही कित्येकांना माहीत नसतं. आपला देशी पोपट पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. पिंजऱ्यातला मिठू आजोबांच्या काळापासून घरात असला तरी. कॉकाटील मूळचे ऑस्ट्रेलियातले, त्यांना ते लागू नाही. मकाव, आफ्रिकन ग्रे अशी बडी मंडळी घरात असतील तर मात्र 2024 च्या नियमांनुसार नोंदणी लागते. काकू म्हणाल्या, "म्हणजे परदेशी पाहुणे. मग अळीव घालता का तिला?"

तर पहिल्या अंड्यानंतर आम्ही दोघी जे काही वागलो, ते सांगायला आता लाज वाटते. गल्लीतल्या सुतारकाकांकडून घाईघाईत प्लायवूडची पेटी करून घेतली. लांबी-रुंदी-उंची सगळी फूटभर, तीन इंचाचं गोल दार, आत दोन इंच लाकडाचा भुसा. इथवर बरोबर. मस्कानं एक दिवसाआड एक अशी पाच अंडी घातली. प्रत्येक अंगठ्याच्या पेराएवढं, पांढरंशुभ्र. आणि मग मी त्या पेटीचं झाकण उघडत सुटले. सकाळी उठल्यावर एकदा, चहानंतर एकदा, कॉल संपला की एकदा. मोबाइलचा टॉर्च मारून रोज अंडी बघायची, फोटो काढायचे, मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकायचे. दोन अंड्यांत लाल शिरांची जाळी दिसली तेव्हा तर मी नाचलेच होते.

बाराव्या दिवशी दोघं पेटीबाहेर दांडीवर बसलेले. संध्याकाळीही तिथेच. अंडी गार.

पहिलटकर जोडी असंही करते म्हणे. पहिल्या खेपेला अंडी रिकामी निघणं, फुटणं, मध्येच सोडून देणं नवीन नाही. पण आमच्या बाबतीत कारण मी होते, यात मला तरी शंका नाही. कुणी माझ्या बेडरूमचं छप्पर तासातासाला उघडून टॉर्च मारला असता, तर मीही घर सोडलं असतं.

त्यापुढची चूक याहून मोठी. वाईट वाटलं म्हणून मी ती पाचही अंडी एकदम उचलून टाकून दिली, पेटी स्वच्छ करून पुन्हा लावली. इथे कान देऊन ऐका. अंडी गायब झाली की मादीचं शरीर म्हणतं, चला, पुन्हा सुरू करा. गार अंडी तशीच राहू द्यायची असतात, तिची उबवायची मुदत संपेपर्यंत, ती आपणहून कंटाळेपर्यंत. शिवाय पेटी काढून टाकायची, पिंजरा लवकर झाकून रात्र मोठी करायची. आम्ही यातलं काहीच केलं नाही. दोनच आठवड्यांत मस्का पुन्हा भारी झाली.

एका रात्री साडेनऊला ती पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली. अंग फुगवलेलं, डोळे अर्धे मिटलेले, प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली. अंडं अडलं होतं. तीन दवाखान्यांना फोन केले. तिन्हीकडे उत्तर एकच, फक्त कुत्री-मांजरं बघतो. चौथे डॉक्टर पक्षी बघणारे निघाले. ते फोनवर म्हणाले, पोट दाबू नका, तेलबिल लावू नका, ऊब द्या आणि लगेच घेऊन या. (एरंडेलाची आयडिया माझ्या एका मैत्रिणीची होती. नशीब, विचारून घेतलं.) बुटांचा खोका, त्यात टॉवेल, टॉवेलखाली गरम पाण्याची बाटली. रूममेटनं ऑफिसात रजा टाकली आणि आम्ही रिक्षात. रिक्षावाले काका मागे न बघताच म्हणाले, "खड्डे बघून नेतो ताई."

डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, उबदार पेटीत ठेवलं आणि आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. पहाटे पाचला अंडं सुटलं. हातात घेतलं तर कवच ओल्या कागदासारखं मऊ. डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, "खायला काय देता?" मी म्हटलं, राळं, बाजरी, सूर्यफुलाच्या बिया. "आणि?" आणि काही नाही. नुसत्या दाण्यावर वाढलेल्या पक्ष्यानं लागोपाठ दोनदा अंडी घातली, तर कवचाला कॅल्शियम आणणार कुठून? हाडांतून. तेही संपलं की अंडं ढकलायला स्नायूंत जोर उरत नाही. सहा महिने पेटी बंद, असा हुकूम घेऊन घरी आलो.

ते सहा महिने मस्काचा खुराक हे आमच्या घरातलं सगळ्यात शिस्तीचं खातं होतं. मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून. (हो, पक्ष्याला अंडं. आम्हालाही आधी कसंतरीच वाटलं.) सूर्यफुलाच्या बिया फक्त लाड म्हणून. पिंजऱ्याला समुद्रफेस टांगला. दुकानात 'कटलबोन' म्हणून मिळतो तोच हा, काकूंनी त्यांच्या ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याकडून आणून दिला. आणि सकाळचं कोवळं ऊन, थेट. काचेतून आलेलं चालत नाही, कारण ड जीवनसत्त्व बनायला लागणारे किरण काच अडवते. आणि ते जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. रूममेटनं आमचा नॉनस्टिक तवा थेट भंगारात टाकला. तो जास्त तापला की निघणाऱ्या वाफेनं पक्षी मिनिटांत मरतात. पोळ्या आता बिडाच्या तव्यावर. हे फायद्याचंच झालं.

जानेवारी 2025 मध्ये पेटी पुन्हा लागली. चार अंडी. या वेळी नियम ठरला, झाकणाला हात लावायचा नाही. आठव्या दिवशी फक्त एकदा, दोघं दाणे खायला बाहेर आले असताना टॉर्च मारला. तीन अंड्यांत शिरा, एक रिकामं. रिकामंही तसंच ठेवलं.

आणि मग जे बघायला मिळालं ते सॉलिड होतं. दिवसा अंड्यांवर बन, रात्री मस्का. चक्क शिफ्ट! संध्याकाळी बन पेटीतून डोकं बाहेर काढून शिट्टी मारायचा, मस्का आत जायची, तो निघायचा. हँडओव्हरला उशीर नाही, चिडचिड नाही. रूममेट म्हणाली, आमच्या टीम लीडला दाखवायला पाहिजे. रात्री एक छोटा दिवा चालू ठेवायचो, कारण कॉकाटील अंधारात दचकले की वेड्यासारखे फडफडतात आणि अंडी तुडवली जातात.

विसाव्या दिवशी पेटीतून टकटक. अंड्याला बारीक तडा आणि आतून चीं असा आवाज. काहीच होईना म्हणून रात्री डॉक्टरांना मेसेज केला, कवच सोलायला मदत करू का? उत्तर आलं, "नको. झोपा." तडा गेल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक-दोन दिवसही लागतात. तोवर ते आतला बलक आणि रक्त अंगात ओढून घेत असतं. घाई केली तर रक्तस्राव होऊन जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिलं पिल्लू बाहेर. गुलाबी, आंधळं, अंगावर पिवळी लव, मान सांभाळता न येणारं. आवाज मात्र जुन्या टेबलफॅनसारखा. दोन दिवसांनी दुसरं, आणखी दोन दिवसांनी तिसरं.

काकू म्हणाल्या, बाराव्या दिवसाआधी नावं ठेवायची नाहीत. हसलो, पण ऐकलं.

तिसरं पिल्लू लहानच राहिलं. आधीची दोघं मान उंच करून ओरडायची आणि आईबाप ओरडणाऱ्याला भरवतात. पिल्लांच्या गळ्याखाली अन्नाची पिशवी असते, भरली की लखलखीत फुगलेली दिसते. त्या दोघांची टम्म, याची सपाट. डॉक्टर म्हणाले, वरून भरवा, पण पेटीतच ठेवा. मग दर दोन तासांनी तयार पावडरची पातळ पेज, बरोबर चाळीस अंश, थर्मामीटर लावून. जास्त गरम झाली तर पिशवी भाजते, गार झाली तर अन्न आत सडतं. पिल्लाचं अंग गार असेल तर आधी हातात धरून ऊब, मगच घास. रात्रीच्या पाळ्या रूममेटनं घेतल्या, लॅपटॉपवर कॉल चालू आणि डाव्या हातात पिल्लू. दोन दिवस ते खात होतं. तिसऱ्या रात्री पेज तोंडातून परत आली. पहाटे तिनं मला उठवलं, काही बोलली नाही, नुसती मूठ उघडून दाखवली.

पाच दिवसांचं होतं. नाव नव्हतं. बाल्कनीतल्या तुळशीशेजारी सोनचाफ्याची कुंडी आहे, तिथे ठेवलं. बन आणि मस्का नेहमीसारखेच पेटीत जात-येत होते. त्या दिवशीचा कॉलम मी उशिरा दिला. संपादकांना कारण वीज गेल्याचं सांगितलं. आता हे वाचून कळेलच.

राहिलेल्या दोघांचे डोळे नवव्या-दहाव्या दिवशी उघडले. मग पिसांचे कोंब फुटून दोघं साळिंदर दिसायला लागली आणि आम्हाला बघून नागासारखी फुसकारायला लागली. बारसं झालं, खारी आणि नानकटाई. पाच आठवड्यांनी खारी दारातून डोकावली आणि थेट पडद्यावर जाऊन आपटली.

तोवर विचारणा सुरू झाल्या होत्या. एकाला तर तीन आठवड्यांचंच पिल्लू हवं होतं, "हातानं भरवलं की माणसाळतं ना." बाजारात अशी अर्धवट पिल्लं विकलीही जातात. नवख्या माणसाच्या हातात ती कशी मरतात ते मी पाहिलंय, त्यामुळे आमचं उत्तर ठरलेलं. आपलं आपण दाणे फोडून खायला शिकेपर्यंत, म्हणजे आठ-दहा आठवडे तरी, कुणालाही नाही.

दहा आठवडे झाल्यावर काकूंनीच नानकटाई मागितली. आधी म्हणे दोन दिवस बघते. मग सुतारकाकांना परस्पर बोलावून दांडी बसवून घेतली. बिडाचा तवाही आणला. पेटी आता माळ्यावर आहे. बन अधूनमधून त्या दिशेला तोंड करून शिट्टी मारतो, आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

परवा सकाळी साडेसहाला काकूंचा फोन. झोपेतच उचलला. "अगं, हा भिंतीला चोच आपटून शिट्ट्या मारतोय," काकू दबक्या आवाजात म्हणाल्या, "हा नर आहे का गं? मग एकटा कसा राहणार?"