आईचं कौतुक पुरे, मुलाचे तास द्या

'लॉकडाउनमध्ये आईच थेरपिस्ट झाली' हे कौतुक आता थांबवा. मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या शाळा बंद झाल्या. अपंग मुलांच्या शिक्षणाचा १९७५चा कायदा बंद झाला नव्हता. इतरांचे वर्ग ऑनलाइन भरत होते, तर ऑटिझम, एडीएचडी असलेल्या मुलांना आयईपीतले स्पीच थेरपीचे तासही शाळा देणं लागत होती. ते सोपवले आईवर, तिची नोकरी सांभाळून. पडद्यासमोर पाच मिनिटं न टिकणाऱ्या मुलाला झूम उपयोगाचं नाही, हे कळायला पीएचडी लागत नाही.

व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीच्या शाळांनी या सेवा सरसकट आखडल्या, असं केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये ठरवलं. २५,०००हून जास्त मुलांना काय भरपाई द्यायची, हे तपासणं त्यांना भाग पडलं.

आपण मात्र 'परक्या देशात कशाला भांडायचं' म्हणून गप्प. अहो, व्हिसा कुठला हे तो कायदा विचारत नाही! पण मंडळाच्या गणपतीत ढोल ऐकून मूल कान झाकून ओरडलं, की संस्कार काढायला आपण पुढे. तो आवाज जरा शाळेच्या मीटिंगमध्ये काढा. बुडालेले तास किती आणि भरून कधी देणार, हे लेखी मागा.