आधी आराखडा वाचा, मग ड्रायव्हर
यंत्रभान । झाशीकर

झाशी जंक्शनवर दिल्ली, भोपाळ, कानपूर आणि माणिकपूरकडचे मार्ग एकत्र येतात. गाडी कोणत्या मार्गाला लागायची ते सांधा ठरवतो, आणि सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. संगणकी बोर्डावर असाच सांधा बदलण्याचे काम आय-टू-सी मल्टिप्लेक्सर करतो. त्याची मांडणी कशी करायची, हे आपल्या अभियंत्यांना शिकवलेच पाहिजे, असे माझे मत आहे.

आय-टू-सी ही फिलिप्सने 1982 मध्ये काढलेली बस. एक तार माहितीची, दुसरी घड्याळाची. पत्ता सात बिटांचा, म्हणजे 128 पत्ते. राखीव वगळले की 112 उरतात. पण अनेक चिपांचा पत्ता कारखान्यातच ठरून येतो. पडद्याची ओळख सांगणारी मेमरी तर नेहमी एकाच पत्त्यावर असते. असे दोन पडदे एकाच बसवर जोडले, तर दोघेही एकदम उत्तर देतात आणि माहितीचा चुथडा होतो. म्हणून बसला शाखा फोडाव्या लागतात.

त्यासाठी वेगळी चिप बसवता येते. दुसरा मार्ग प्रोसेसरच्या पिनांचा: आतला कंट्रोलर एकच, पण त्याचे सिग्नल कधी या जोडीवर, कधी त्या जोडीवर काढायचे. लिनक्समध्ये या दुसऱ्या मार्गासाठी 'आय-टू-सी-मक्स-पिनकंट्रोल' हा ड्रायव्हर आहे. एनव्हिडियाचे स्टीफन वॉरेन यांनी तो 2012 मध्ये लिहिला.

हा ड्रायव्हर कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये चालू करणे सोपे आहे. खरा कस लागतो तो डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडले आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये. मूळ बस कोणती ते तिथे लिहायचे, मग पिनांच्या स्थितींची नावे क्रमाने द्यायची. पहिले नाव शून्य क्रमांकाच्या शाखेचे, दुसरे एक क्रमांकाच्या. 'आयडल' ही विश्रांतीची स्थिती हवी असेल तर ती शेवटीच आली पाहिजे. ती दिली नाही, तर शेवटी निवडलेली शाखाच जोडलेली राहते.

'आयडल' मध्येच कुठे लिहिले तर ड्रायव्हर चूक दाखवून थांबतो. पण दोन शाखांची नावे उलटसुलट झाली तर तो काहीच म्हणत नाही. फाइल विनातक्रार कंपाइल होते, कर्नल सुरू होतो, आणि चिप मात्र सापडत नाही, नाहीतर भलतीच उत्तर देते. कोणती तार कुठे गेली आहे, हे ड्रायव्हरला कळायला मार्गच नाही. ते फक्त बोर्डाच्या आराखड्यात असते. तो न वाचता शेजारच्या बोर्डाची फाइल उचलून 'चालेपर्यंत बदल' करत राहणे घातक आहे, कारण योगायोगाने चाललेला बोर्ड पुढच्या आवृत्तीत कधी बंद पडेल ते सांगता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे एका बोर्डासाठी ड्रायव्हरच्या कोडमध्येच ठिगळ लावणे.

झाशीला याची गरज दूरची नाही. इथे 1986 पासून बुंदेलखंड अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. भेलच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वे इंजिने बनतात. उत्तर प्रदेशच्या संरक्षण कॉरिडॉरमध्ये झाशी हे एक केंद्र आहे, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये इथे भारत डायनॅमिक्सच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. अशा उद्योगांना मोजमाप आणि नियंत्रणाचे बोर्ड लागतातच, आणि ते समजणारी माणसे इथल्याच वर्गांतून निघावीत.

म्हणून प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाती आधी आराखडा द्यावा आणि सोबत मुद्दाम चुकवलेली डिव्हाइस ट्री. प्रत्येक शाखेवर कोणते पत्ते उत्तर देतात ते त्याने तपासावे, लॉजिक ॲनलायझरने तारांवरचे सिग्नल पाहावेत आणि चूक पुराव्यानिशी सिद्ध करावी. दुरुस्त केलेले वर्णन मूळ लिनक्सकडे तपासणीला पाठवायलाही शिकवावे. तिथे जगभरचे जाणकार ओळ न् ओळ पाहतात, फी न घेता. आणि परीक्षेत बोर्ड चालला एवढ्यावर गुण देऊ नयेत. तो का चालला हे ज्याला आराखड्यावर बोट ठेवून सांगता येईल, त्यालाच द्यावेत.